आग विझल्यावर, पाणी ओसरल्यावर: घरात परत जाताना काय सांभाळाल?

घराला आग लागली, शेजारच्यांनी बादल्या ओतून किंवा अग्निशमन दलाच्या बंबाने ती विझवली. किंवा रात्रभर पाऊस कोसळला, खाडीला भरती असल्यामुळे पाणी अडले, घरात शिरले आणि दुसऱ्या दिवशी ओसरले. दोन्ही वेळा घरातली माणसे सुखरूप असतात. सगळे म्हणतात, "जीव वाचला, बाकीचे बघू." आणि मग लगेच झाडू, फावडे, बादली घेऊन आत जायची घाई सुरू होते.

डॉक्टर म्हणून आम्हाला काळजी वाटते ती या घाईची. आगीच्या वेळी भाजलेले रुग्ण ताबडतोब दवाखान्यात येतात. पण साफसफाई करताना विजेचा धक्का बसलेले, भिंत अंगावर आलेले, चिखलात पाय कापलेले, काजळीने दमा उसळलेले आणि दहा दिवसांनी कावीळ होऊन आलेले रुग्ण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतात. त्यातले बरेच त्रास टाळता येण्यासारखे असतात. त्यासाठी कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे कळले पाहिजे.

हा लेख डहाणू-तलासरी भागातली घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: वाढवण, वरोर, चिंचणी, डहाणू खाडी या किनारपट्टीवरची घरे आणि आतल्या पाड्यांवरची कुडाची, कौलारू घरे. आग आणि पाणी यांचा एकत्र विचार करण्याचे कारण साधे आहे. जळालेले घर बंबाच्या पाण्याने भिजलेलेही असते, आणि त्यानंतर पाऊस आला तर छप्पर नसल्यामुळे ते पुन्हा भिजते.

आत पाऊल टाकण्याआधी

पहिला प्रश्न विजेचा. पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नका, लाकडी काठीनेही नाही, कारण ओल्या काठीतून वीज वाहू शकते. स्विचपर्यंत कोरड्या जागेवरून जाता येत नसेल तर महावितरणला 1912 या क्रमांकावर कळवा, किंवा गावातल्या वायरमनला सांगून खांबावरूनच पुरवठा बंद करून घ्या. गावातली वीज गेली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ती कधीही परत येते, आणि तुम्ही नेमके ओल्या भिंतीला हात लावून उभे असता.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर किंवा सोलर आहे त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर घरातल्या तारांमध्ये वीज सोडत राहतो. तो वेगळा बंद करावा लागतो. वाढवण-चिंचणी पट्ट्यात अनेक घरांत दागिन्यांचे साचे बनवण्याचे, म्हणजे डायमेकिंगचे काम चालते. तिथल्या यंत्रांच्या मोटारी पाण्यात बुडाल्या असतील तर वरून पुसून चालू करू नका. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज जास्त वाहून नेते आणि तारांचे जोड आतून गंजवते. आठ दिवस ठीक चाललेली मोटार नवव्या दिवशी धक्का देऊ शकते. फ्रिज, मिक्सर, पाण्याचा पंप यांनाही हेच लागू आहे.

दुसरा प्रश्न गॅसचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिवा लावू नका आणि लागलेला बंदही करू नका, कारण दोन्हीने ठिणगी पडते. आत जाऊ नका, बाहेर या आणि 1906 वर फोन करा. आगीत तापलेला सिलिंडर बाहेरून चांगला दिसत असला तरी परत वापरायचा नाही, एजन्सीला परत द्यायचा.

तिसरा प्रश्न भिंतींचा, आणि आपल्या भागात तो जास्तच महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागाला, विशेषतः धुंदलवाडी परिसराला, भूकंपाचे लहान-मोठे असंख्य धक्के बसले आहेत. अनेक घरांच्या भिंतींना तेव्हापासूनच्या भेगा आहेत आणि लोकांना त्या भेगांची सवय झाली आहे. अशी भिंत आगीत तापली किंवा दोन दिवस पाण्यात उभी राहिली की तिची ताकद आणखी कमी होते. मातीची भिंत पाऊस चालू असताना उभी राहते आणि ऊन पडल्यावर कोसळते, असेही होते. म्हणून आधी बाहेरून घराभोवती एक फेरी मारा. भिंत फुगली आहे का, दरवाजाची चौकट तिरकी झाली आहे का, जुनी भेग रुंद झाली आहे का, हे बघा. दरवाजा अडकला असेल तर जोर लावू नका, कदाचित त्याच्यावरच भार आलेला असेल.

जळालेला वासा वरून नुसता काळा दिसतो. आत किती लाकूड उरले आहे ते कळत नाही. त्यामुळे कौले किंवा पत्रे काढायला वर चढू नका. स्लॅबचे घर असेल आणि आगीनंतर काँक्रीटला गुलाबीसर छटा आली असेल, तुकडे गळत असतील, सळ्या दिसत असतील, तर ते काँक्रीट बरेच तापले होते असे समजा. इंजिनिअरने पाहिल्याशिवाय त्या खोलीत झोपायचे नाही.

गवत, पेंढा, गाद्या आणि भाताची पोती आतून धुमसत राहतात. वरून विझलेला ढीग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पेटतो. असा ढीग हाताने किंवा पायाने उकरू नका. पाणी मारून, लांब दांड्याच्या फावड्याने पसरवून विझवा. राख आणि पाणी एकत्र आले की त्याचे क्षारयुक्त पाणी होते, ते कातडी भाजते. अनवाणी पायाने ओल्या राखेत तासभर उभे राहिलेल्या माणसाच्या तळपायाला आधी काही जाणवत नाही, रात्री मात्र आग होऊ लागते.

पंचनामा आणि तब्येत

"तलाठी येईपर्यंत काही हलवू नका" असे गावात हमखास सांगतात. नुकसानभरपाईसाठी पंचनामा गरजेचा आहे, ते खरेच. पण त्यासाठी माणसे दोन-दोन दिवस काजळीत आणि चिखलात बसून राहतात, लहान मुले तिथेच झोपवतात, तेव्हा त्याची किंमत आरोग्याने मोजावी लागते. तलाठ्यांना आणि सरपंचांना फोन करून विचारा, प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढा, आणि कुटुंबाला नातेवाइकांकडे, शाळेत किंवा समाजमंदिरात हलवा. सामान जागेवर राहिले तरी चालेल, माणसांनी तिथे राहण्याची गरज नाही.

आत कोणी जायचे, कोणी नाही

एकट्याने कधीच आत जाऊ नये. एक माणूस बाहेर, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर हवा.

लहान मुले, गरोदर बायका, दमा किंवा हृदयविकार असलेले, डायलिसिसवर असलेले आणि पायाला जखम असलेले मधुमेही यांनी साफसफाईत उतरू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, खिळा घुसला तरी कळत नाही. आपल्याकडे साफसफाईचे काम घरातल्या बायकांवरच येते, गरोदर असली तरी. अशा वेळी नवऱ्याने, दिराने किंवा भावाने फावडे हातात घ्यावे, एवढे स्पष्ट सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

पालघरच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांना हा आजार आहे त्यांनी तर या कामापासून लांबच राहावे. पावसात भिजणे, अंगात थंडी भरणे, पाणी कमी पिणे, अति श्रम आणि जंतुसंसर्ग या सगळ्यांनी सिकलसेलचा त्रास, म्हणजे हाडे आणि सांधे असह्य दुखणे, सुरू होऊ शकतो. घर पडलेल्या दिवशी या पाचही गोष्टी एकत्र येतात. अशा मुलाला किंवा माणसाला कोरडे कपडे, भरपूर पाणी आणि रोजची गोळी मिळाली पाहिजे. ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काजळी, धूर आणि सिमेंटचे पत्रे

आग लागली तेव्हा जो माणूस धुरात सापडला होता त्याच्याकडे आधी लक्ष द्या. आवाज घोगरा झाला असेल, नाकात काजळी असेल, भुवया किंवा नाकातले केस जळले असतील, थुंकी काळी येत असेल, तर तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्या. श्वासनलिकेला आतून आलेली सूज काही तासांनी वाढते, कधी दुसऱ्या दिवशी. फोमच्या गाद्या आणि प्लॅस्टिक जळताना निघणारा धूर लाकडाच्या धुरापेक्षा जास्त विषारी असतो, त्यात सायनाइडसारखा वायूही असू शकतो. मासेमारीची नायलॉनची जाळी घराच्या पडवीत किंवा माळ्यावर ठेवलेली असतील तर ती जळतानाही असाच धूर होतो.

आग विझल्यावर उरलेली काजळी फक्त काळा रंग नाही. ती इतकी बारीक असते की थेट फुप्फुसाच्या खोल भागात जाते. कोरडा झाडू मारला की सगळी हवेत उडते. म्हणून आधी पाणी शिंपडा, मग ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर काजळी अडवत नाही. एन-95 मास्क मेडिकलमध्ये मिळतो, तो नाकाला घट्ट बसवून वापरा. मात्र तो फक्त कण अडवतो, वायू अडवत नाही. डोळे चुरचुरत असतील, डोके दुखत असेल, तर मास्क असला तरी बाहेर या.

आता सिमेंटच्या पत्र्यांविषयी, कारण हा विषय सहसा कोणी काढत नाही. जुन्या घरांवरच्या राखाडी नागमोडी सिमेंटच्या पत्र्यांमध्ये बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस नावाचे तंतू असतात. पत्रा अखंड असताना त्याचा फारसा त्रास नाही. आगीत मात्र तो तडतड फुटतो, तुकडे उडतात आणि तंतू मोकळे होतात. हे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होऊ शकतो. तो आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो, त्यामुळे कोणी त्याचा संबंध त्या आगीशी जोडत नाही. फुटलेले तुकडे हातोडीने आणखी फोडू नका, कापू नका, त्यांचा चुरा अंगणात भरावासाठी वापरू नका. तुकडे भिजवा, मास्क लावून उचला, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा आणि विल्हेवाटीविषयी ग्रामपंचायतीला विचारा. त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा.

चिखल काढताना

26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. हे नाव तेव्हापासून सर्वांच्या ओळखीचे झाले. हा जंतू उंदीर, कुत्री, डुकरे आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतो आणि पायाची भेग, खरचटलेली जागा, डोळे, तोंड यांतून शरीरात शिरतो. भातशेतीत काम करणाऱ्यांना तो धोका दर पावसाळ्यात असतोच. घरात शिरलेल्या गाळात उंदरांची बिळे, गोठा आणि संडासाचे पाणी सगळे एकत्र झालेले असते, त्यामुळे तिथे तो अधिकच.

गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. सगळ्यांना गमबूट मिळतीलच असे नाही, तर निदान बंद बूट घाला, अनवाणी उतरू नका. जुनी जखम असेल तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, म्हणजे चिखल्याही होणार नाहीत.

जे लोक चिखलात बराच वेळ होते, विशेषतः ज्यांच्या पायाला जखम होती, त्यांना लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लीन हे औषध दिले जाते. ते पहिल्या 24 ते 72 तासांत घेण्याचा उपयोग जास्त. पण ते मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे औषध असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा आशाताईंना विचारा. त्यांच्याकडे गावाची यादी असते.

गंजलेला पत्रा, खिळा, काच, माशाचा काटा: काही लागले तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने पाच-दहा मिनिटे धुवा. हळद, राख, डिझेल, शेण काही लावू नका. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील, किंवा आठवतच नसेल, तर दुसरे घ्या.

साप हा आमच्या भागातला वेगळा विषय. पाणी भरले की साप कोरड्या जागेत येतात, म्हणजे चुलीजवळ, सरपणात, गोधडीत, कौलांखाली. ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीने आपटा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचे कळतही नाही, दुखत नाही, सूज नसते. सकाळी पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घर पडल्यावर माणसे उघड्यावर जमिनीवर झोपतात, त्या रात्री खाट आणि मच्छरदाणी ही चैन नसून गरज आहे. साप चावल्यास भगताकडे वेळ घालवू नका, जखम कापू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि 108 ची गाडी बोलवा. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे.

चिकूच्या वाड्या असलेल्या घरांत फवारणीची औषधे ठेवलेली असतात. पाण्यात बाटल्या फुटल्या किंवा लेबले निघून गेली असतील, तर त्यांचा वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. कीटकनाशक अंगावर सांडले आणि तोंडाला पाणी सुटले, घाम आला, दृष्टी धूसर झाली, तर कपडे काढा, साबणाने अंघोळ घाला आणि रुग्णालयात न्या.

स्वच्छतेतून होणारी विषबाधा

घर लवकर स्वच्छ व्हावे म्हणून ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे ॲसिड एकाच बादलीत टाकणारे लोक आहेत. दोन्ही "जंतुनाशक" आहेत, मग एकत्र केले तर दुप्पट काम होईल, असा विचार असतो. प्रत्यक्षात त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद मोरीत तो श्वासात गेला तर फुप्फुसात पाणी होऊ शकते. ब्लीचिंग फक्त साध्या पाण्यात मिसळा. आणि चिखलावर ती भुरभुरण्यात अर्थ नाही. गाळातल्या घाणीशीच तिची ताकद संपते, जंतू राहतात. आधी गाळ काढा, मग साबणाने धुवा, सगळ्यात शेवटी ब्लीचिंगचे पाणी.

दुसरी विषबाधा जनरेटरची. पाणी उपसायला डिझेल पंप किंवा उजेडासाठी जनरेटर आणतात आणि पाऊस लागू नये म्हणून पडवीत ठेवतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. अमेरिकेत 2005 च्या कतरिना वादळानंतर घराजवळ लावलेल्या जनरेटरमुळे अशा विषबाधा झाल्या. आपल्याकडे ओले घर वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, तिनेही तेच होते. डोकेदुखी, चक्कर, उलटी, गुंगी, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी: ही खूण ओळखा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी चांगला आकडा दाखवते, कारण त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. त्यावर विसंबू नका, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 बोलवा.

विहीर साफ करायला कोणी खाली उतरू नये. विहिरीत, आणि होडीच्या तळातल्या बंद खणातही, हवा विषारी असू शकते किंवा ऑक्सिजन संपलेला असू शकतो. आत पडलेल्याला वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही दगावतो.

घर वाळवणे

ओल्या भिंतीवर, गादीवर, कपड्यांवर बुरशी 24 ते 48 तासांत वाढू लागते. इंग्रजीतले सल्ले वाचलेत तर "दोन दिवसांत घर पूर्ण वाळवा" असे सापडेल. जुलैत वाढवणला ते जमणार नाही, हे मान्यच करायला हवे. हवाच ओली असते. म्हणून आपण वेगळे गणित करायचे: जे वाळणारच नाही ते आधी घराबाहेर काढायचे. कापसाच्या आणि फोमच्या गाद्या, उशा, प्लायवूडची भिजून फुगलेली कपाटे यांना वाचवत बसू नका. स्टील, प्लॅस्टिक, भांडी साबणाने धुऊन वाचतात. कपडे गरम पाण्यात धुऊन, पाऊस उघडेल तेव्हा उन्हात.

भिंतीवर काळे-हिरवे डाग आले तर ओल्या फडक्याने आणि साबणाने घासून काढा, मास्क लावून. त्यावर घाईने चुना किंवा रंग मारू नका. ओल आत राहिली की बुरशी त्याच्याखाली वाढत राहते, आणि दम्याचा मुलगा रात्री का खोकतो ते कोणाला कळत नाही. कुडाच्या भिंतीत शेणामातीचा लेप भिजून बुरसटला असेल तर तो खरवडून काढावा आणि कारव्या उघड्या ठेवून वाळू द्याव्यात, मग नवा लेप द्यावा. या बाबतीत कुडाचे घर विटांच्या घरापेक्षा सोपे, त्याची भिंत उघडता येते. पंखा लावायचा तर वायरमनने तपासल्यावरच.

धान्य, पाणी, औषधे

सगळ्यात जड जाणारा सल्ला भाताचा आहे. कणगीत वर्षाचा भात आहे, खालचा हातभर भिजला आहे. वरचा, अजिबात ओल न लागलेला भात लगेच वेगळा काढला तर वापरता येतो. भिजून बुरसटलेला भात उन्हात घालून, धुऊन, शिजवून सुरक्षित होत नाही. काही बुरशींचे विष, उदाहरणार्थ अफ्लाटॉक्सिन, शिजवूनही नष्ट होत नाही आणि यकृताला अपाय करते. गुरांना घातले तर ते दुधात उतरते, कोंबड्यांनाही चालत नाही. सुकी मासळी पुराच्या पाण्यात भिजली असेल तर तीही टाकावी लागेल. याचीही नोंद पंचनाम्यात करून घ्या.

विहिरीत पुराचे पाणी गेले असेल तर ग्रामपंचायतीने ब्लीचिंग टाकून पाणी तपासेपर्यंत ते पिऊ नका. तोवर टँकरचे किंवा दुसऱ्या विहिरीचे पाणी, तेही गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळून. उकळल्याने जंतू मरतात. डिझेल, कीटकनाशक आणि खारेपणा जात नाहीत. पाण्यावर तवंग असेल तर ते पाणी उकळूनही प्यायचे नाही.

गोळ्यांच्या पाकिटाला पुराचे पाणी लागले असेल, आगीत बाटल्या तापल्या असतील, तर ती औषधे टाका. इन्सुलिनला आगीची धग लागली असेल तर ते दिसायला स्वच्छ असले तरी निकामी झालेले असू शकते. पण औषध टाकले म्हणून उपचार थांबवायचा नाही. क्षयरोग, फिट्स, रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल यांची गोळी एक-दोन दिवसही चुकू देऊ नका. कागद जळाले असले तरी क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद सरकारी दवाखान्यात असते, नाव सांगितले की नवी औषधे मिळतात.

पुढचे तीन आठवडे

घर पुन्हा उभे राहू लागते आणि मग कोणाला तरी ताप येतो. लेप्टोची लक्षणे साधारण एक-दोन आठवड्यांनी दिसतात, कधी महिन्यानेही. साचलेल्या पाण्यातल्या डासांमुळे येणारे मलेरिया आणि डेंग्यूही याच काळात येतात. तिन्ही तापांची सुरुवात सारखीच. पोटऱ्या आणि कंबर प्रचंड दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर लेप्टोचा संशय घ्यावा. लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे, धाप लागणे, थुंकीत रक्त दिसणे ही धोक्याची लक्षणे आहेत, त्यात एक रात्रही थांबायचे नाही. तापाला पॅरासिटामॉल घ्या. अंगदुखीची इतर इंजेक्शने आणि गोळ्या मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याला त्रास देऊ शकतात, त्या मागून घेऊ नका.

या काळात झोप न लागणे, पावसाचा आवाज आला की दचकणे, धुराच्या वासाने छाती धडधडणे हे अनेकांना होते. भूकंपाच्या धक्क्यांनी महिनोन्‌महिने घराबाहेर झोपलेल्या कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको. पंधरा-वीस दिवसांनीही ते कमी होत नसेल, माणूस जेवेनासा झाला असेल किंवा दारू वाढली असेल, तर 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

आणि तापासाठी दवाखान्यात गेलात, मग तो डहाणूत असो, वापीत असो की मुंबईत मुलाकडे, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा: आमच्या घरात पाणी शिरले होते, मी इतके दिवस चिखलात काम केले, पायाला जखम होती, अमुक तारखेला. पंधरा दिवसांपूर्वीचा चिखल रुग्णाला आठवत नाही आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तो दिसत नाही.